विटांच्या वीस रांगा

१

ज्यांनी माझ्यावर विश्वास ठेवायला हवा होता, त्यांच्यापैकी कुणीच ठेवला नाही. कमिटीनं नाही, हवालदारानं नाही, पाद्र्यानंही नाही. पाद्री तर म्हणाला, "ऊन फार आहे, थर्झा. डोक्यावर टोपी घालत जा." पाटीवरचा माझा रंग त्यांनी दोनदा खरवडला. तिसऱ्यांदा पाटीच उचलून शेडमध्ये नेली. म्हणून आता वहीत लिहिते आहे.

माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेही तुकड्यातुकड्यानं. आम्ही बोटीवर जन्मलेली पोरं. कालवा गोठला आणि बोट अडकली, तरच आम्हाला शाळा. तेव्हा लिहिण्यात चुका असतील. पण चूक शोधायची तर अक्षरांत शोधू नका.

२

शहात्तरचा उन्हाळा. दर रविवारी अकराच्या बसनं माणसं यायची, बहुतेक बर्मिंगहॅमची. पायात नवे बूट, गळ्यात कॅमेरे. मी त्यांना चुन्याच्या जुन्या भट्ट्यांपाशी गाठायची आणि काठाकाठानं तीन मैल चालवत अँकर पबपर्यंत न्यायची. कालवा म्हणजे तेव्हा नुसता चर होता. बोटी बंद होऊन वीस वर्षं झालेली, वरचं पाणी तोडलेलं. तळात गवत, गवतात गाई.

"ह्या खाचा बघा," पुलाच्या कोपऱ्याला ठोकलेल्या लोखंडावर हात ठेवून मी म्हणायची. "बोट ओढणाऱ्या घोड्याच्या दोरानं पडल्यात."

"दोरानं लोखंड कापलं?" एक जण तरी विचारायचाच.

"रोज तेच तेच घासलं की कापलं जातं. तुमच्या बायकोला विचारा, ती रोज काय करते."

हशा व्हायचा. मला तो आवडायचा, खोटं कशाला बोलू. पन्नाशीच्या, एकट्या, कोळशाच्या वखारीत पोती शिवून हात फाटलेल्या बाईचं कोण ऐकतं? पण रविवारी ऐकायचे. कमिटीचे अध्यक्ष हेवरिल साहेब, निवृत्त मास्तर, माझी ओळख करून द्यायचे: "ह्या मिस ब्रँड्रिक. आपल्या कालव्याच्या शेवटच्या बोटवाल्या." कमिटी म्हणजे शनिवारी येऊन चिखल उपसणारी हौशी मंडळी, त्यांना कालवा पुन्हा सुरू करायचा होता. त्यांनी मला लॉकशेजारचं घर राहायला दिलं होतं, फुकट. रविवारचं जेवणही अँकरमध्ये फुकट. त्याच्या बदल्यात मी बोलायचं.

भट्ट्या, मग पंपाच्या इंजिनाचं पडकं घर आणि त्याची चिमणी, मग लॉक, मग अँकर. आणि लॉकपाशी गोष्ट.

३

"लॉक म्हणजे कालव्याची पायरी," मी सांगायची. "दोन्हीकडं दरवाजे, मध्ये विटांची खोल खोली. वरच्या झडपा उचलल्या की खोली भरते, बोट वर येते. खालच्या उचलल्या की रिकामी होते, बोट खाली जाते. कळलं?"

माना हलायच्या.

"अडतीस सालचा जानेवारी. दुपार, पण धुकं असं की आपलाच हात दिसेना. सेलिना डॉड, तेरा वर्षांची. तिच्या बापाची बोट खालून वर येत होती. पोरगी पुढं धावत आली, लॉक रिकामं करून खालचे दरवाजे उघडले. एका दरवाजामागं बर्फाचा लगदा अडकला, म्हणून तो काढायला आत उतरली. तेवढ्यात लॉकवाला एनॉक पार्डो पिऊन आला. आत न बघता दरवाजे लावले आणि वरच्या झडपा उचलल्या."

इथं मी थांबायची. कुठं थांबायचं ते मला बरोबर कळायचं.

"मी बारा वर्षांची होते. मी त्याला बघितलं."

बायका तोंडावर हात न्यायच्या.

ईस्टरच्या रविवारी मी 'बघितलं' म्हणाले आणि खालून आवाज आला. खट. खट. खट. झडप उचलताना दातेरी चाकावर खटका पडत जातो, तो आवाज. मी मोजले. सतरा. एक झडप पूर्ण उचलायला ह्या लॉकवर सतराच लागायचे.

पण चाकं कुठं होती? ती केव्हाच भंगारात गेलेली. खांबांवर नुसती गंजलेली भोकं.

"काय हो, बरं वाटत नाही का?" एका बाईनं विचारलं.

"तुम्ही ऐकलंत?"

"काय?"

"काही नाही. चला, बीअर गरम होईल."

पुढच्या रविवारी खालचे दरवाजे लागलेले होते. वीस वर्षं उघडे पडलेले दरवाजे, गाळात रुतलेले. हेवरिल साहेब खूश झाले. "शनिवारच्या पोरांनी लावले वाटतं! शाबास!"

मी वाकून बघितलं. एका दरवाजावरून शेजारच्या भिंतीवर गेलेली आयव्हीची वेल तशीच होती. तुटली नव्हती, ताणलीही नव्हती. दरवाजे कधी उघडे नव्हतेच, अशी ती वाढलेली होती.

४

मग पाणी आलं.

पहिल्यांदा तळात ओल. पुढच्या रविवारी विटांची एक रांग बुडाली. त्याच्या पुढच्या रविवारी दुसरी. मी भोळसट बाई नाही. मी रोज सकाळी जाऊन बघायची. सोमवार ते शनिवार पाणी हलायचं नाही. रविवारी एक रांग. एका रविवारी माझा घसा बसला होता, गोष्ट सांगितली नाही. पाणी चढलं नाही. कधी दोन बस यायच्या, तेव्हा दोनदा सांगायची; दोन रांगा.

मनाला म्हटलं, थर्झा, तुला मोजायची खोड आहे. विटा खालून मोजल्या, वरून मोजल्या. तळापासून काठापर्यंत वीस रांगा.

"लॉक पाणी धरतंय, मिस ब्रँड्रिक!" हेवरिल साहेब हात चोळत म्हणाले.

"धरतंय, पण येतंय कुठून?"

"झरा असेल एखादा."

"अख्ख्या परगण्यातले झरे आटलेत. माणसं रस्त्यावरच्या नळाला बादल्या लावून उभी आहेत. आणि तुमचा एकटाच झरा शहाणा?"

"तुम्ही बाई फार गमतीच्या," ते म्हणाले.

जुलैच्या एका दुपारी, डांबर पातळ झालं होतं त्या दिवसांत, मी काठावर पालथी झोपून पाण्यात हात घातला. बोटं बधिर झाली. पाण्याला कोळशाच्या धुराचा वास होता, बोटीच्या शेगडीचा. आणि डाव्या दरवाजाच्या मागच्या कोपऱ्यात, जिथं ऊन थेट पडत होतं, तिथं बर्फाची साय धरली होती. मी ती नखानं उचलली. तळहातावर ती वितळायला फार वेळ लागला.

घरात येऊन दार लावलं. चहा ठेवला. किटली उकळली तरी मी उठले नाही, कारण किटलीच्या आवाजाखाली दुसरा एक आवाज होता, आणि किटली उतरवली असती तर तो स्पष्ट ऐकू आला असता.

५

अँकरच्या स्वयंपाकघरात मॅव्हिस होती. एनॉक पार्डोची मुलगी. बाप बदनाम झाला तेव्हा ती सात वर्षांची. लॉकशेजारचं घर त्यांच्याकडून काढून घेतलं. हो, तेच घर. मी राहते ते. आई लोकांचे कपडे धुऊन मेली. बाप निराधारांच्या आश्रमात खाटेवर मेला. त्याला पुरलं त्या दिवशी चाळीस बोटी त्या काठानं गेल्या, मान द्यायला एकानंही टोपी काढली नाही.

फिरायला आलेली माणसं असली की मॅव्हिस बाहेर यायची नाही. माझं ताट मात्र स्वतः वाढायची.

ऑगस्टच्या सुरुवातीला तिनं मला आत बोलावलं. हात पिठानं माखलेले.

"थर्झा, एक मागू?"

"माग की."

"कमिटी लॉकवर पाटी लावणार आहे ना? त्यावर बाबांचं नाव नको गं. 'लॉकवाल्याच्या चुकीनं' एवढं चालेल. नाव नको. माझी नातवंडं त्या वाटेनं शाळेत जातात."

"मी कोण ठरवणारी?"

"अक्षरं तूच रंगवणार आहेस. हेवरिल म्हणत होते, बोटीवरच्या जुन्या वळणाची अक्षरं फक्त तुलाच येतात. तुझं ऐकतील ते. तू बघितलंयस."

मी भिंतीकडं बघितलं.

"बाबा शेवटपर्यंत म्हणायचे, मी तिथं नव्हतोच. अँकरमध्ये होतो, ह्या शेगडीपाशी. पण तेव्हाचा मालक म्हणाला, दुपारी पब कायद्यानं बंद, त्या वेळेत मी कुणाला पाजत नाही. हो म्हणाला असता तर परवाना गेला असता ना त्याचा."

"तुझा विश्वास आहे बापावर?"

"पोरीचा असतोच गं." तिनं हात फडक्याला पुसले. "पण बघितलेल्यापुढं पोरीचं काय चालतं?"

त्या दिवशी तिनं मला दोन यॉर्कशायर पुडिंग वाढले, वर जास्तीची ग्रेव्ही. मी दोन्ही खाल्ले. हे मी लिहिते आहे कारण त्याची मला इतर सगळ्यापेक्षा जास्त लाज वाटते. दोन्ही खाल्ले आणि ताट पुसून घेतलं.

६

आता जे झालं ते.

आमच्यात एक रीत होती. लॉक ज्याच्या बाजूनं तयार आहे, नंबर त्याचा. समोरच्या बोटीसाठी रिकामं करून ठेवलेलं लॉक तुम्ही आपल्यासाठी भरून घेतलंत, तर ती चोरीच. त्यावरून माणसांचे दात पडलेले मी बघितलेत.

आमची बोट वरून खाली येत होती. आम्हाला भरलेलं लॉक हवं. बाप सुकाणूवरून ओरडला, "थर्झे, पळ पुढं! वखार बंद झाली तर रात्रभर उभं राहावं लागेल, मग तुझी पाठ आणि माझा पट्टा!"

मी पळाले. लॉक रिकामं, खालचे दरवाजे उघडे. म्हणजे खालून कुणीतरी येतंय, नंबर त्यांचा. हे मला पाच वर्षांची असल्यापासून कळत होतं. पण धुक्यात बोट दिसत नव्हती. दिसत नाही म्हणजे नाही, असं मी ठरवलं. एक दरवाजा लोटला, दुसरा लोटला. दुसरा लागताना जरासा जड गेला. कमरेला खोचलेलं, झडप उचलायचं हँडल काढलं आणि वरची पहिली झडप उचलली. सतरा खटके.

तेव्हा आवाज आला. "थर्झे! थांब!"

इतकी वर्षं मी लोकांना सांगत आले की काही ऐकू आलं नाही. ऐकू आलं. माझं नाव घेऊन हाक आली. माझे बूट बापाचे होते, खिळे ठोकलेले. काठावर कसे वाजतात ते सगळ्या पोरींना माहीत होतं. मला वाटलं, सेलिना दरवाजापलीकडच्या वाटेवरून भांडतेय. आमचा नंबर का मारलास म्हणून.

"झोपा काढा अजून!" मी ओरडले. "ज्याचे पाय त्याचं लॉक!"

"थर्झे, बंद कर! थर्झे!"

मी दुसरी झडप उचलली. सावकाश नाही, हँडल गरगर फिरवून. पाणी एवढ्या जोरानं पडायला लागलं की हाक बुडाली. मला बरं वाटलं. मी जिंकले, असं वाटलं.

लॉक भरून शांत झालं. मग खालून डॉडबाई धुक्यातून चालत आली आणि म्हणाली, "आमची सेलिना दिसली का गं?"

लॉक रिकामं करून दरवाजे उघडले तेव्हा सेलिना वर आली. तिच्या तपकिरी झग्याचा काठ दोन दरवाजांच्या मध्ये चिमटला होता. झडप बंद करायला मला दोन पळं लागली असती. कापडाची पट्टी दरवाजाला तशीच अडकून राहिली. मोठी माणसं तिला उचलत होती तेव्हा ती मी ओढून काढली आणि शेगडीत घातली. त्या पट्टीचं कुणालाही माहीत नाही. माहीत नव्हतं.

"कुणी भरलं लॉक?" बापानं विचारलं. त्याचा हात पट्ट्यावर होता.

मी म्हणाले, "पार्डोंनी. मी बघितलं."

एवढंच. तीन शब्द.

७

पाटी मी घरातच रंगवली. निळ्यावर पांढरी अक्षरं, कडेला गुलाब. सगळं लिहिलं, फक्त नावाची ओळ रिकामी ठेवली. कमिटीनं नाव दिलं होतंच. ब्रश हातात घेतला की खिडकीबाहेर खट वाजायचं.

ऑगस्टचा शेवटचा रविवार. सत्तर माणसं. पाणी विसाव्या रांगेच्या खाली टेकलं होतं. हेवरिल साहेबांनी पाटीवरचं कापड काढलं आणि रिकामी ओळ बघून गोंधळले.

"मिस ब्रँड्रिक, हे राहिलं वाटतं."

"राहिलं नाही. ठेवलंय." मी पुढं गेले आणि सांगितलं. आत्ता लिहिलं तसंच, हाक आणि खटक्यांसकट. कापडाचं तेवढं राहिलं, तोंडातून निघेना.

मग मागून एक बाई म्हणाली, "किती मोठं मन!"

हेवरिल साहेबांनी माझा दंड धरला. हळूच म्हणाले, "मॅव्हिसनं गळ घातली ना? मला कळतं. पण इतिहास असा बदलता येत नाही, बाई. तुमची साक्ष कागदावर आहे."

"ती खोटी आहे!"

"बारा वर्षांचं मूल खोटं कशाला बोलेल?"

टाळ्या वाजल्या. माझ्यासाठी. मग सगळे अँकरकडं वळले, कारण पब दोनला बंद होतो.

मॅव्हिस स्वयंपाकघराच्या दारातून काठानं चालत आली होती. बाहेर यायची नाही ती. तिनं सगळं ऐकलं होतं.

"असं नको करूस, थर्झा," ती म्हणाली. "दया म्हणून नको. मला खोटं बोलून सोडवू नकोस."

तिचाही विश्वास बसला नव्हता. अडतीस वर्षं मी असं पक्कं बांधकाम केलं होतं की मला स्वतःलाच ते पाडता येईना.

८

"इकडं ये," मी म्हणाले. "खालून बघू."

आम्ही लॉकच्या खालच्या बाजूला उतरलो. तिथं कालव्याचा तळ कोरडा ठणठणीत, भेगा पडलेल्या. समोर बंद दरवाजे, आमच्या दुप्पट उंच, आणि त्यांच्यामागं एकोणीस रांगा पाणी. एक थेंब गळत नव्हता. दुपारचं ऊन होतं. मॅव्हिसच्या तोंडातून वाफ निघत होती.

"ते काय आहे?" तिनं विचारलं.

दोन दरवाजे मिळतात त्या फटीत, कमरेच्या उंचीवर, कापड होतं. वीतभर. तपकिरी. त्याच्यातून पाणी ठिबकत होतं आणि खालच्या तापलेल्या सुक्या गाळावर डाग पडत होता.

"ते मी जाळलं होतं," मी म्हणाले. "माझ्या हातानं."

मॅव्हिसनं माझ्याकडं बघितलं. मग कापडाकडं.

कापड हललं. वारा नव्हता. आतून कुणीतरी ओढत होतं. जोरानं नाही; दमलेलं माणूस ओढतं तसं, थांबून थांबून. बोटभर आत सरकलं. मग थांबलं. मग वरून, भरलेल्या लॉकमधून, हाक आली. शब्द मी लिहीत नाही, वर लिहिलेत. पण ह्या वेळी ती हाक दोघींनी ऐकली.

मॅव्हिस तिथंच सुक्या गाळावर बसली. मग उठली, वर गेली आणि पाटीखाली ठेवलेला रंगाचा डबा घेऊन आली. माझ्या हातात ब्रश दिला. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही. आता मला ताटही वाढत नाही, आणि ते बरोबर आहे.

मी रिकाम्या ओळीत माझं नाव लिहिलं. पाणी एक रांग उतरलं, आम्ही दोघींनी बघितलं. दुसऱ्या दिवशी कमिटीनं ते खरवडलं. मी पुन्हा लिहिलं, पुन्हा खरवडलं. तिसऱ्यांदा लिहिलं तेव्हा हवालदार आला आणि पाटी गेली, आणि पाणी परत एकोणिसाव्या रांगेवर आलं. मॅव्हिसनं कमिटीपुढं साक्ष दिली. तिला म्हणाले, बापासाठी पोरगी असं बोलणारच.

परवाच्या रविवारी गोष्ट हेवरिल साहेबांनी स्वतः सांगितली. जुन्या नावानं. मी घरातून ऐकत होते. विसावी रांग बुडाली. आता पाणी काठावरून वाहून माझ्या उंबऱ्याला लागलंय, आणि उंबऱ्याच्या फटीत आतल्या बाजूला तपकिरी कापडाचं टोक आहे. लिहिता लिहिता मी ते बघते आहे.

तेव्हा ही वही ज्याला सापडेल त्यानं मोठ्यानं वाचावी, लॉकपाशी उभं राहून, माणसांपुढं. एनॉक पार्डो त्या दुपारी अँकरच्या शेगडीपाशी बसला होता. त्यानं काही केलं नाही. सेलिना डॉडनं जिला नाव घेऊन हाक मारली, आणि जिनं ती हाक ऐकून दुसरी झडप उचलली, तिचं नाव थर्झा ब्रँड्रिक.